वाऱ्याच्या प्रदेशातील सायकल

नेदरलँड्सच्या नैर्ऋत्येस झेलंड प्रांतात टोलेन हे बेट आहे. येथे डोंगर नाही, टेकडी नाही. चढ म्हणावा तो केवळ समुद्राला थोपवणाऱ्या बांधाचा. बांधाच्या एका अंगाला ओस्टरस्खेल्डेची खाडी, तर दुसऱ्या अंगाला बटाट्या-कांद्याची शेते आणि त्यांमधून सरळ जाणारे अरुंद रस्ते. आडोसा कोठेच नसल्याने सायकलस्वाराचा खरा कस लागतो तो वाऱ्याशी. समोरून येणाऱ्या हवेचा वेग दुप्पट झाला की तिचा विरोध चौपट होतो. त्यामुळे सपाट रस्त्यावरही हृदयाला चढाइतकेच श्रम पडतात.

या बेटावरील सिंट मार्टेन्सडाइक या गावी 1949 साली केटी हाखे जन्मली. गावाच्या नावातच ‘डाइक’, म्हणजे बांध आहे. 1953 च्या महापुरात देशातील 1,836 माणसे दगावली. टोलेनलाही त्याचा तडाखा बसला. पुढे केटी आणि तिच्या बहिणी शर्यतींत उतरल्या. स्त्रियांची सायकल शर्यत तेव्हा हौशी खेळच होता. तरीही केटीने 1968 व 1976 साली रस्त्यावरील शर्यतीचे जागतिक विजेतेपद मिळवले. 1978 साली म्युनिक येथे तिने एका तासात 43.082 किलोमीटर अंतर कापले. ऑलिंपिकमध्ये मात्र तिला उतरता आले नाही, कारण स्त्रियांच्या सायकल शर्यतीला तेथे 1984 साली प्रथम स्थान मिळाले.

विक्रम थोड्यांचे असतात. सवय सर्वांची होऊ शकते. या देशात सत्तरी ओलांडलेले स्त्री-पुरुष सायकलवरून बाजारहाट करताना सर्रास दिसतात. त्यामागे स्वतंत्र सायकलमार्ग आहेत, बुटक्या दांड्याच्या सायकली आहेत आणि अलीकडे विजेच्या सायकलींचा आधारही आहे. अर्थात तेथेही वृद्ध पडतात, विशेषतः चढता-उतरताना.

आपल्याकडील रस्ते तसे नाहीत, हे मान्यच. पण ‘पडाल’ या धास्तीने आई-वडिलांना खुर्चीत बसवून ठेवले, तर मांड्यांचे स्नायू झिजतात, तोल जातो आणि पडण्याचा धोका उलट वाढतो. घरातील स्थिर सायकल हा मधला मार्ग आहे. आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्याने आरंभी पाचच मिनिटे चालवावी. पॅडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील, इतकी बैठक उंच ठेवावी. चालवताना बोलता यावे, इतकाच वेग असावा. छातीत दाब, चक्कर किंवा एरवी न लागणारी धाप जाणवल्यास तत्काळ थांबून वैद्यकीय मदत घ्यावी.

मोकळा, सुरक्षित रस्ता असेल आणि सायकलीचा सराव सुटला नसेल, तर जाताना वारा अंगावर घ्यावा व परतताना पाठीवर. थकलेल्या देहाला घराच्या वाटेवर वाऱ्याचा हातभार लागावा, हा हिशेब वार्धक्यात विशेष उपयोगी आहे.