नववी सही

आषाढाच्या अखेरीस थोरल्या चुलतभावाचे पत्र आले. सोबत एक मुद्रांकित कागद होता आणि त्यावर आठ सह्या होत्या. ‘तुझी सही तेवढी राहिली आहे’, एवढेच दादांनी लिहिले होते. फोंडा तालुक्यातील आमचे वडिलोपार्जित घर मागच्या कुळागरासह विकण्यास सर्व भागीदारांची संमती आहे, असा तो कागद होता. गोव्यात पोर्तुगीज अमदानीपासून चालत आलेल्या दिवाणी कायद्याने मुलगा आणि मुलगी यांचा हिस्सा सारखाच. त्यामुळे आजोबांच्या एका घराचे आज नऊ धनी झाले आहेत. कोणी मडगावी, कोणी मुंबईस, कोणी समुद्रापलीकडे. आम्ही स्वतः गेली तीस वर्षे बेळगावकर झालो आहोत.

गिऱ्हाईक परगावचे आहे. त्याला तेथे प्रवाशांसाठी विश्रामगृह थाटावयाचे आहे. राजांगण, सागवानी खांब, पुढचा सोपा, सारे त्याच्या मनास आले. अट एकच : देवखोली रिकामी करून मिळावी.

‘रिकामी’ हा शब्द आमच्या डोळ्यांपुढून हालेना. आणि नवल असे की, तो कागद हाती घेऊन बसलो असता आम्हांला स्मरण झाले ते इंग्लंडातील एका घराचे.

दोन वर्षांपूर्वी मुलीकडे ब्रिस्टलला गेलो होतो. तिने आम्हांला नेल्सी या लहानशा नगराजवळचे टिंट्सफील्ड नावाचे घर पाहावयास नेले. ज्या वाचकांनी मुंबईचा राजाबाई मनोरा किंवा बोरीबंदरचे स्थानक पाहिले आहे, त्यांना गॉथिक शैली म्हणजे काय हे सांगावयास नको : टोकदार कमानी, निमुळती शिखरे, दगडात कोरलेली पानेफुले, रंगीत काचांची तावदाने. पण मुंबईच्या त्या वास्तू विद्यापीठाच्या आणि रेल्वेच्या. इथे त्याच कमानींखाली एक कुटुंब जेवत होते, मुले धावत होती, म्हातारी माणसे डुलकी घेत होती.

विल्यम गिब्ज नावाच्या व्यापाऱ्याने १८४३ साली तेथील जुने घर विकत घेतले आणि पुढे १८६३ पासून जॉन नॉर्टन या वास्तुशिल्पज्ञाकडून त्याला हे गॉथिक रूप दिले. पैसा आला होता पेरूच्या किनाऱ्याजवळील बेटांवरून. तेथे शतकानुशतके साचलेली पक्ष्यांची विष्ठा खत म्हणून युरोपात विकली जाई. ती खणणारे मजूर, विशेषतः करारावर आणलेले चिनी मजूर, अत्यंत हालात मेले. संपत्तीचा उगम शोधू गेल्यास पुष्कळ घरांच्या पायाशी असा अंधार सापडतो. आपलीही घरे याला अपवाद आहेत असे आम्ही छातीठोकपणे म्हणणार नाही.

याच नॉर्टनने त्याच सुमारास सफोक परगण्यातील एल्व्हडन येथे पंजाबचे पदच्युत महाराज दुलीपसिंग यांच्यासाठी प्रासाद बांधला आणि आत मोगली थाटाची दालने सजविली. महाराजांचा १८९३ साली पॅरिसमध्ये अंत झाला आणि पुढच्याच वर्षी तो प्रासाद परक्यांनी विकत घेतला. तेव्हा घर विकले जाणे ही काही आमच्यासारख्या सामान्यांवरच ओढवणारी गोष्ट नव्हे.

टिंट्सफील्डमध्ये गिब्ज घराण्याच्या चार पिढ्या नांदल्या. चौथ्या पिढीचा धनी अविवाहित होता. तो २००१ साली वारला, तेव्हा मृत्युपत्राप्रमाणे मालमत्तेचे हिस्से झाले एकोणीस! हे ऐकताच आम्ही मुलीकडे पाहून हसलो. भाऊबंदकी ही केवळ आपल्याच देशाची मिरास आहे, हा आमचा समज त्या दिवशी दूर झाला. एकोणीस जणांत घर वाटता येत नाही. म्हणून ते विक्रीस निघाले. सामानसुमान लिलावात चहूकडे पांगणार असे दिसू लागले. तेव्हा १८९५ मध्ये स्थापन झालेली नॅशनल ट्रस्ट ही संस्था पुढे आली. शंभर दिवसांत ऐंशी लाख पौंडांहून अधिक देणग्या जमल्या. त्यांत मोठे दाते होते, तसेच हजारो सामान्य माणसांनी पाठविलेले लहान आकडेही होते. वर राष्ट्रीय निधीतून भर पडली, आणि २००२ साली सुमारे २ कोटी ४० लाख पौंडांस ते घर संस्थेने घेतले. आतल्या वस्तूंची मोजदाद पन्नास हजारांच्या पलीकडे गेली : बर्फावर घसरण्याचे बूट, वनभोजनाच्या पेट्या, भिंतीला लावावयाच्या राहून गेलेल्या कागदाची गुंडाळी. त्या घराने काही टाकलेच नव्हते.

सर्वांत शेवटी आम्ही घराला जोडून असलेले प्रार्थनामंदिर पाहिले. पॅरिसच्या एका प्राचीन मंदिराच्या नमुन्यावर ते १८७०च्या दशकात उभारले गेले. घरातील धनी आणि चाकर येथे रोज प्रार्थनेस जमत. आम्ही गेलो त्या दुपारी आत कोणी नव्हते. काचांतून निळातांबडा प्रकाश फरशीवर पडला होता, बाके पुसून लख्ख ठेविली होती. सारे काही जपलेले होते. नव्हती ती रोजची माणसे. त्या शांततेत आम्हांला प्रसन्नही वाटले आणि थोडे उदासही.

आपल्या पूर्वजांनी याच्या अगदी उलट केले. सोळाव्या शतकात धर्मच्छळ सुरू होताच कुशस्थळीचा श्रीमंगेश आणि केळशीची श्रीशांतादुर्गा यांना घेऊन ते नदी ओलांडून अंत्रुज महालात आले. देवळे मागे राहिली, पाडली गेली. भिंती गेल्या, पण पूजा चुकली नाही. या गोष्टीचा आपल्याला सार्थ अभिमान आहे. महाजन या नात्याने देवळात उभे राहिलो की तो आमच्याही मनात दाटून येतो. ‘देव जिथे, तिथे घर’, असे म्हणून आम्ही त्या कागदावर तत्काळ सही करू शकलो असतो.

परंतु मन थोडे खरवडून पाहिले, तेव्हा वेगळेच दिसले. पूर्वज घर सोडून गेले ते छळापायी; आम्ही सोडले ते सोयीपायी. त्यांनी देव स्वतःच्या डोक्यावर वाहून नेले. आमच्या देवखोलीत गेली बारा वर्षे सांजवात लावते ती शेजारची एक वृद्ध बाई, आणि आम्ही नऊ जण पाळीने तिला दरमहा पैसे धाडतो. चवथीलासुद्धा ज्याची पाळी तोच जातो. आजोबांच्या वेळी माटोळी बांधावयास घरातले सारे हात लागत. गेल्या वर्षी ती बांधली दोन मजुरांनी. मग देवखोली रिकामी करून मागणाऱ्या त्या गिऱ्हाइकावर आम्ही रागवावे ते कोणत्या तोंडाने? ती आम्हीच पुष्कळशी रिकामी करून ठेविली होती.

टिंट्सफील्डला हजारो अनोळखी माणसे धावून आली. आमच्या घरासाठी कोणी निधी उभारणार नाही, आणि उभारावा असे त्यात काही नाहीही. त्याला आहेत ते नऊ धनी.

शेवटी आम्ही सही केली नाही. नकारही कळविला नाही. दादांना लिहिले : “येत्या चवथीला पाळी कोणाचीही असो, आपण नऊही जण मुलाबाळांसह घरी जमू. माटोळी आपल्या हातांनी बांधू. विसर्जन झाल्यावर राजांगणात बसून काय ते ठरवू. त्यानंतरही विकावे असेच सर्वांना वाटले, तर तेथेच, तुळशीपुढे, मी सही करीन. मात्र देव आपणच उचलून न्यायचे. देवखोली मजुरांकडून रिकामी करवून घ्यायची नाही.”

दादांचे उत्तर काल आले. त्यांनी घराविषयी एक अक्षर लिहिलेले नाही. माटोळीसाठी घागऱ्यो, कांगलां आणि आंबाडे कोण आणणार, एवढेच विचारले आहे.