खिडकीजवळची जागा

जपानीत ‘मादोगिवा’ म्हणजे खिडकीपाशी. तेत्सुको कुरोयानागी यांचं ‘तोत्तोचान’ १९८१ साली आलं तेव्हा त्याच्या मूळ नावात हा शब्द होता, आणि त्या काळच्या जपानी वाचकाला त्यात एक बोच जाणवायची. कंपनीला नकोसा झालेला, पण काढूनही टाकता न येणारा माणूस काम न देता खिडकीजवळच्या टेबलाशी बसवून ठेवायचे. अशांना ‘मादोगिवा-झोकु’ म्हणत, खिडकीवाल्यांची जमात. पहिलीतच शाळेतून काढलेल्या मुलीच्या गोष्टीला लेखिकेने हे नाव दिलं. शिवाय ती मुलगी खरोखरच वर्गाच्या खिडकीत उभी राहून रस्त्यावरच्या वाजंत्रीवाल्यांना हाका मारायची.

हा शब्द मराठीत आणायचा म्हटलं की माझी पंचाईत होते. आपल्याकडे खिडकीजवळची जागा ही शिक्षा कधीच नव्हती. एसटी फलाटाला लागायच्या आत बाहेरून रुमाल टाकून जी धरायची, ती ही जागा. ‘खिडकीत बसवलं’ म्हटलं तर मराठी वाचक म्हणेल, नशीब काढलं. ‘अडगळीत टाकलं’ म्हणावं तर खिडकी जाते, आणि या पुस्तकातली खिडकी घालवून कसं चालेल? चेतना सरदेशमुख-गोसावी यांनी केलेल्या मराठी अनुवादाची नॅशनल बुक ट्रस्टची प्रत आमच्या घरी रोज रात्री वाचून वाचून खिळखिळी झाली आहे. लेक सहा वर्षांची. तिला त्या गोष्टीत काही दुःखाचं आहे असं अजून वाटत नाही.

मार्चमध्ये तिच्या शाळेने आम्हाला बोलावून घेतलं. मुलगी हुशार आहे, पण सारखी खिडकीबाहेर बघते. एका वाक्यात तीन भाषा मिसळते. घरी एकच भाषा ठेवा, इंग्रजी असली तर उत्तम, आणि काय ठरलं ते शाळा उघडायच्या आत कळवा. बेंगळूरुत हा सल्ला कुणी कुणाला द्यावा याची मला गंमत वाटली. हसू मात्र आलं नाही. मी तिच्याशी मराठीत बोलते, तिचे अप्पा धारवाडचे, ते कन्नडमध्ये. खाली खेळायला गेली की तमिळ, हिंदी, इंग्रजी. यातली कुठली भाषा बंद करायची, म्हणजे नेमकं कुणी गप्प बसायचं?

जपानची तिकिटं आधीच काढलेली होती. मे महिना, बेंगळूरुहून नारिताचं थेट विमान. टोकियोबद्दल मी फार लिहीत नाही. मूल बरोबर असलं की कुठल्याही महानगरात लिफ्ट, स्वच्छतागृहं आणि सरकते जिने एवढंच दिसतं. (ते तिथले उत्तम आहेत.) तोत्तोचानची तोमोए शाळा टोकियोतल्याच जियुगाओकाची. १९३७ साली सुरू झाली, १९४५च्या बॉम्बहल्ल्यात जळाली. म्हणून आम्ही नागानो प्रांताकडे निघालो. शिंजुकूहून मात्सुमोतोपर्यंत आझुसा एक्स्प्रेस, तिथून ओइतो मार्गावरची संथ लोकल, उतरायचं शिनानो-मात्सुकावाला. एका हाताला उत्तर आल्प्स, माथ्यावर अजून बर्फ. खाली भातखाचरांत पाणी भरलेलं, त्यामुळे तोच डोंगर पुन्हा पायाशी उलटा. लेक म्हणाली, “आई, कोकण थंड झालंय.”

या गावात ‘तोत्तोचान’मधली चित्रं ज्यांची, त्या चिहिरो इवासाकींचं संग्रहालय आहे. त्या १९७४ साली गेल्या, पुस्तक निघायच्या सात वर्षं आधी. लेखिकेने त्यांच्या चित्रांतून आपल्या गोष्टीतली मुलं शोधली. शेजारच्या बागेत २०१६पासून आगगाडीचे दोन जुने डबे उभे आहेत, तोमोएच्या शाळेसारखे: एकात वर्ग, एकात वाचनालय.

लेक वर्गाच्या डब्यात शिरली, खिडकीजवळ बसली आणि बाहेर बघायला लागली. पाच मिनिटं, दहा मिनिटं. एरवी मी हाक मारली असती. पण तिथे, त्या बाकावर, ते बघणं हेच काम असल्यासारखं दिसत होतं. मुख्याध्यापक कोबायाशींनी पहिल्या दिवशी तोत्तोचानचं बोलणं चार तास ऐकून घेतलं होतं. मला निदान अर्धा तास गप्प राहणं जमायला हवं होतं.

परतीच्या स्टेशनवर पाऊस आला. बाकावर एक आजी होत्या. हात पुढे करून थेंब झेलत त्या लेकीला म्हणाल्या, “पोत्सु-पोत्सु.” लेकीने ऐकलं आणि म्हणाली, “टपटप.” मग जोर वाढला. आजी: “झा-झा.” लेक: “धो धो.” मग अप्पांकडे वळून, “धो अंत मळे!”

त्या ‘अंत’ने मी चमकले. कन्नड ‘अंत’ दुसऱ्याचं बोलणं सांगताना येतो आणि आवाज सांगतानाही. जपानी ‘तो’ नेमकी हीच दोन्ही कामं करतो. आपलं ‘म्हणून’ही, विशेषतः सीमाभागात, त्याच वाटेने चालतं: ‘येतो म्हणून म्हणाला’. एम.ए.ला तौलनिक साहित्य शिकताना असली साम्यं मी तक्त्यात मांडली होती. इथे ती एका मुलीच्या तोंडी, पावसात, कुणी न शिकवता आली. शाळेच्या लेखी हीच ती भेसळ.

रात्री मात्सुमोतोच्या हॉटेलात तिच्या अप्पांनी शाळेला मेल लिहिली. घरातली कुठलीही भाषा बंद होणार नाही, एवढीच, दोन ओळींची. पाठवण्याआधी मी खाली तिसरी ओळ घातली: वर्गात तिला खिडकीजवळची जागा द्यावी. अप्पा म्हणाले, हे वाचून त्यांना वाटेल आपण चेष्टा करतोय. वाटू दे, म्हटलं.

शाळा १ जूनला उघडते. उत्तर अजून आलेलं नाही.