बेलापूरची दारे, दिवाळ्याच्या खिडक्या

रंगीत दारे-खिडक्यांची छायाचित्रे काढण्यासाठी हौशी मंडळी पणजीचे फोंतेन्हास गाठतात. नवी मुंबईचे नाव त्या यादीत सहसा नसते, पण ते असायला हवे. इथल्या टॉवरच्या खिडक्यांचा रंग सोसायटी ठरवते. गावठाणात आणि बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये मात्र तो घरची माणसे ठरवतात.

१७ मार्च १९७० रोजी हे शहर वसवणारी सिडको ही सरकारी संस्था स्थापन झाली आणि ९५ गावांच्या जमिनींवर शहर आखले गेले. शेते गेली, मिठागरे गेली, गावठाणे तेवढी राहिली. दिवाळे, करावे, सारसोळे इथे आगरी-कोळ्यांची घरे आजही गल्लीला खेटून उभी आहेत. एखाद्या जुन्या लाकडी दाराजवळ जावे. कोयंड्याभोवती, जिथे रोज हात लागतो, तिथे निळ्या ऑइलपेंटचा पापुद्रा सुटून खालचा हिरवा दिसतो आणि त्याच्याही खाली उघडे लाकूड. कोकणच्या पावसात लाकूड फुगते, दार चौकटीत अडकते, रंग पुन्हा द्यावा लागतो. असे दार नव्या कोऱ्या दारापेक्षा कितीतरी देखणे.

आर्टिस्ट व्हिलेज वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी पारसिक डोंगराच्या पायथ्याशी रचले. बांधकाम १९८३ ते १९८६ मधले. सुमारे आठ मीटर लांब-रुंद अंगणाभोवती सात घरे, अशा तीन गटांची मिळून एकवीस घरे आणि त्यांना आणखी मोठे, बारा मीटरचे अंगण. असे वाढत वाढत वस्ती ओढ्यापर्यंत पोचते. भूखंड ४५ ते ७५ चौरस मीटरचे, म्हणजे गरीब आणि मध्यमवर्गीय यांच्या जागेत फार तफावत नाही. संडास जोडीने बांधले, तेवढी भिंत सामाईक. बाकी घर सुटे, कारण रहिवाशांनी ते गरजेप्रमाणे वाढवावे, बदलावे, हीच योजना होती. रहिवाशांनी ती मनावर घेतली. कुणी मजला चढवला, कुणी जाळी बसवली, कुणी खिडकीला शेजाऱ्याहून वेगळा रंग दिला. बरीच मूळ घरे पाडून नवी उठली. जुने जपायला हवे होते असे म्हणणारे पुष्कळ आहेत. पण बदलाला जागा ठेवणाऱ्या वास्तूत बदल झाला, तर तिचे काम साधलेच म्हणायचे.

छायाचित्रासाठी सावलीतला उजेड उत्तम. भर उन्हात लाल रंग भगभगतो आणि छज्ज्याची सावली चित्र कापते. कॅमेरा चौकटीच्या बरोबर समोर, मध्याच्या उंचीला धरावा. मोबाइलची वाइड लेन्स टाळावी, तिने कडेचे गज वाकलेले दिसतात. थोडे मागे सरून झूम केलेले बरे, पण गावठाणातल्या गल्लीत मागे सरायला जागा असतेच असे नाही. तिथे अख्खे दार सोडून कडी, उंबरठा किंवा सुकलेले आंब्याच्या पानांचे तोरण एवढेच टिपावे.

दार उघडे असेल तर आधी विचारावे. फोंतेन्हासमध्ये पर्यटकांच्या गर्दीला कंटाळून रहिवाशांनी फोटो काढू नयेत अशा पाट्या लावल्या. दिवाळ्यात तशी पाळी अजून आलेली नाही. कुणी घरी असेल तर, कुठून आलात, म्हणून चौकशी होते.