चिठ्ठीत निघालेले घर

दक्ष प्रजापतीने आपल्या सत्तावीस कन्या चंद्राला दिल्या. परंतु चंद्राचे मन एकट्या रोहिणीतच रमले. उरलेल्या सव्वीस जणींनी पित्याकडे गाऱ्हाणे नेले आणि संतप्त दक्षाने जावयाला क्षयाचा शाप दिला. सोमराजाला प्रथम जडला म्हणून या व्याधीचे नाव राजयक्ष्मा. पुढे प्रभासतीर्थी स्नान केल्यावर चंद्राला उःशाप मिळाला, तोही अर्धामुर्धा: एक पंधरवडा झिजावे, एक पंधरवडा भरावे. ही कथा लहानपणी ऐकताना तिच्यातील काव्य तेवढे जाणवते. वय वाढल्यावर लक्षात येते, की या कथेने एका रोगाविषयी तीन समजुती आपल्या मनात पेरून ठेवल्या आहेत. हा रोग मोठ्यांचा आहे. तो रोग्याच्या काही दोषामुळे जडतो. आणि त्यातून सुटण्यासाठी घर सोडून दूरच्या तीर्थाला जावे लागते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या तिन्ही समजुती शाबूत होत्या. तीर्थाच्या जागी तेवढे सॅनेटोरियम आले होते.

अजमेरजवळ तिलोनिया येथे १९०६ साली आणि त्यानंतरच्या दशकात भोवाली, पाचगणी, मदनपल्ली अशा ठिकाणी ही आरोग्यधामे उभी राहिली. मोकळी हवा, संपूर्ण विश्रांती, दूध-अंडी आणि घरापासून दूर असलेली एक खाट, एवढेच औषध त्या काळी वैद्यकशास्त्राच्या हाती होते. आपल्या कथा-कादंबऱ्यांनी आणि चित्रपटांनीही या औषधाचा बराच उपयोग करून घेतला. हातरुमालावर रक्ताचा ठिपका दिसला, की नायक मिरजेला किंवा पाचगणीला जाई आणि तेथून पत्रे लिही. त्या पत्रांत डोंगर असत, धुके असे, विरह असे. खाट कशी मिळाली आणि तिचे पैसे कोणी भरले, हे मात्र त्यांत कधी नसे.

खाटांचा हा हिशेब १९४६ साली भोर समितीच्या अहवालाने मांडला. देशात क्षयाचे सुमारे २५ लाख रुग्ण, दरवर्षी सुमारे ५ लाख मृत्यू आणि खाटा ६,००० च्या आसपास. पुढे १९५५ ते १९५८ या काळात झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीने आणखी एक गैरसमज दूर केला. हा शहरांचा, गिरण्यांच्या धुराचा आणि चाळींचा रोग आहे, असे सर्वजण मानत होते. पाहणीत तो खेड्यांतही जवळजवळ तेवढ्याच प्रमाणात आढळला. म्हणजे जो रोग राजाचा म्हणून नोंदला गेला होता, तो प्रत्यक्षात शेतमजुराच्या झोपडीत राहत होता आणि त्याच्यासाठी बांधलेले तीर्थ त्या मजुराच्या आवाक्याबाहेर होते.

या आकड्यांकडे मला अलिप्तपणे पाहता येत नाही, याला कारण आहे. माझ्या वडिलांचे थोरले बंधू १९५१ साली या रोगाने गेले. मी त्यांना पाहिलेले नाही. आजीच्या बोलण्यातून ते मला ठाऊक आहेत. एका आरोग्यधामाच्या प्रतीक्षायादीत त्यांचे नाव होते. खाट रिकामी झाल्याचे पत्र घरी आले, तेव्हा त्यांचे तेरावे होऊन गेले होते. अखेरचे सात-आठ महिने ते माडीवरच्या खोलीत होते. त्यांचा पितळी पेला वेगळा ठेवलेला असे आणि तो घासण्याचे काम आजी दुसऱ्या कोणाकडे सोपवीत नसे. त्या पेल्यातून कोणी पाणी पिऊ नये, असा कडक दंडक होता. घरातील पुरुषमंडळी दाराशी उभे राहून विचारपूस करीत. आजी सांगे, शेवटी शेवटी तो औषधाला नव्हे, माणसाला आसुसला होता.

‘घरी ठेवले म्हणून गेला’ हे वाक्य आमच्या घरात पुढे अनेक वर्षे बोलले जाई. त्यात पश्चात्ताप होता, तसा आजीवर एक न बोललेला आरोपही होता. घर ही या रोगाला बरी करणारी जागा नव्हे, असा त्याचा अर्थ. हे वाक्य खरे की खोटे, असा प्रश्न विचारता येतो आणि त्याचे उत्तर मोजून काढता येते, ही कल्पना आमच्यापैकी कोणाला शिवणे शक्य नव्हते. ती मद्रासमध्ये काही माणसांना शिवली.

तेथे १९५६ साली क्षयरोग रसायनोपचार केंद्र स्थापन झाले. भारतीय वैद्यक संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यक संशोधन परिषद अशा चौघांचा तो उपक्रम होता आणि त्याची धुरा वॉलेस फॉक्स या ब्रिटिश संशोधकाकडे होती. स्ट्रेप्टोमायसीन हाती आले होते, १९५२ पासून आयसोनियाझिड हे स्वस्त आणि गुणकारी औषध मिळू लागले होते. तेव्हा प्रश्न असा होता: औषध जर तेच असेल, तर ते आरोग्यधामात घेतले काय आणि घरी घेतले काय, फरक पडतो का? या प्रश्नात देशाची सारी आरोग्यनीती गुंतलेली होती. फरक पडत असेल, तर लाखो खाटा बांधाव्या लागणार होत्या आणि त्या बांधून होईपर्यंत लोकांना मरू द्यावे लागणार होते. पडत नसेल, तर खाटेची वाट पाहण्याचे कारणच उरत नव्हते.

मद्रास शहरातील १९३ गरीब रुग्ण या अभ्यासासाठी घेण्यात आले. कोणी आरोग्यधामात जायचे आणि कोणी घरी राहायचे, हे डॉक्टरांनी ठरवले नाही, रुग्णांनीही नाही. ते जणू चिठ्ठ्या टाकून ठरले. दोन्ही गटांना वर्षभर आयसोनियाझिड आणि पी. ए. एस. ही औषधे मिळाली. आरोग्यधामातल्यांना सकस आहार, विश्रांती आणि परिचारिकांची देखभाल होती. घरी राहिलेल्यांचे जेवण निकृष्ट होते, खोल्या कोंदट होत्या, त्यांतले अनेकजण अंगमेहनतीची कामे करीत होते. वैद्यकाच्या परंपरागत समजुतीप्रमाणे त्यांचे काही खरे नव्हते. १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आरोग्यधामातील रुग्णांचे वजन अधिक वाढले होते, हे खरे. पण वर्षाअखेरीस दोन्ही गटांत शंभरांपैकी पंच्याऐंशीहून अधिक रुग्णांचा रोग शमला होता आणि दोहोंतले अंतर थोडेच होते. पुढे पाच वर्षे पाठपुरावा केला, तेव्हाही चित्र पालटले नाही.

त्याहून महत्त्वाचे वाटते ते घरच्यांविषयीचे निरीक्षण. रुग्ण घरी राहिला म्हणून त्याच्या बायकामुलांना रोग अधिक प्रमाणात जडला, असे आढळले नाही. जो संसर्ग व्हायचा तो बहुतांशी उपचार सुरू होण्यापूर्वीच होऊन गेलेला असे. औषध सुरू झाले, की रुग्णाची संसर्ग पसरवण्याची शक्ती झपाट्याने ओसरे. हे मी प्रथम वाचले, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे तो पितळी पेला आला. हा रोग हवेतून पसरतो, पेल्यातून नव्हे. आमच्या घरातल्या त्या दंडकाने कोणाचा बचाव केला नव्हता. एका माणसाला एकटे तेवढे पाडले होते. आणि ‘घरी ठेवले म्हणून गेला’ हेही खरे नव्हते. काका गेले ते औषधावाचून. आजी हे ऐकायला राहिली नव्हती.

चिठ्ठ्या टाकून माणसांची वाटणी करणे निर्दय नव्हे काय, असे साहित्याच्या एका विद्यार्थ्याने मला विचारले होते. प्रश्न योग्य आहे. १९४७-४८ मध्ये ब्रिटनमध्ये ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांच्या मार्गदर्शनाखाली स्ट्रेप्टोमायसीनची परीक्षा झाली, तेव्हाही तो होता. तेथे औषधच इतके अपुरे होते, की सर्वांना देणे शक्य नव्हते. मला वाटते, चिठ्ठी त्या काळीही पडतच होती. कोणाचा मामा आरोग्यधामात कारकून आहे, कोणाची शेती विकण्याजोगी आहे, यावर ती पडे. संशोधकांच्या चिठ्ठीत निदान वशिला नव्हता आणि तिच्यातून मिळालेले ज्ञान पुढे सर्वांचे झाले. शिवाय चिठ्ठी टाकून ही मंडळी स्वस्थ बसली नाहीत. घरच्या रुग्णांकडे ती अवचित जात, गोळ्या मोजत, औषध पोटात गेले की नाही हे लघवी तपासून पाहत. शास्त्रीय अहवालाच्या कोरड्या वाक्यांमागे मद्रासच्या गल्ल्यांतून फिरलेली पावले आहेत, हे विसरता येत नाही.

मात्र निष्कर्ष हाती येणे आणि तो गावागावांत पोहोचणे यांत फार मोठे अंतर असते. १९५९ सालीच बंगळूर येथे राष्ट्रीय क्षयरोग संस्था स्थापन झाली. तिच्यातील देबब्रत नव्हे, देबाबर बॅनर्जी या नावाचे समाजशास्त्राची जाण असलेले डॉक्टर आणि स्टिग अँडरसन यांनी तुमकूर जिल्ह्यातील खेड्यांत एक साधा प्रश्न विचारला: क्षयाच्या रुग्णांना आपण आजारी आहोत हे कळते का, आणि कळले तर ते काय करतात? खेडूत अज्ञानी असतो, तो दवाखान्यात येत नाही, त्याला शोधून काढावे लागते, ही तेव्हाची सुशिक्षित समजूत. १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसले ते उलटेच. बहुतेक रुग्णांना आपल्या लक्षणांची जाणीव होती आणि निम्म्याहून अधिक जण आपण होऊन दवाखान्याची पायरी चढले होते. तेथून ते परतले होते ते खोकल्याच्या औषधाची बाटली घेऊन. त्यांची थुंकी कोणी तपासलीच नव्हती. अज्ञान होते, पण ते टेबलाच्या पलीकडच्या बाजूला होते. या दृष्टीतूनच १९६२ पासूनचा राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम आखला गेला: वेगळी रुग्णालये नकोत, सर्वसाधारण दवाखान्यातच थुंकीची तपासणी आणि घरी नेण्यासाठी मोफत औषध.

धोरण उत्तम होते. तरीही १९९२ साली कार्यक्रमाचे पुनरावलोकन झाले, तेव्हा उपचार पूर्ण करणारे रुग्ण निम्म्यांहून कमी आढळले. औषधांचा तुटवडा होता, पैसा अपुरा होता, थुंकीऐवजी क्ष-किरणांवर भिस्त होती. आठवड्यातून दोनदा, कोणाच्या तरी देखत औषध देण्याची रीत मद्रासच्याच केंद्राने १९६४ मध्ये यशस्वी करून दाखवली होती; जगभर फिरून ती १९९३ नंतर सुधारित कार्यक्रमाच्या रूपाने स्वदेशी परतली. संशोधनाने मार्ग दाखवला, तरी त्यावरून चालण्यासाठी दरसाल तरतूद लागते, औषधाची पेटी वेळेवर यावी लागते. ते संशोधकाच्या हातात नसते.

आणखी एक गोष्ट अलीकडे मला अस्वस्थ करते. मद्रासच्या अभ्यासातून काहींनी असा अर्थ काढला, की क्षयाच्या बाबतीत आहाराला महत्त्व नाही. अभ्यास तसे म्हणत नव्हता. औषध मिळाले तर कमी आहारावरही रोगी बरा होऊ शकतो, एवढेच तो सांगत होता. निरोगी माणसाला रोग जडू नये यासाठी अन्नाचा उपयोग होतो का, हा प्रश्न तेव्हा विचारलेलाच नव्हता. तो विचारला गेला साठ वर्षांनी, झारखंडमध्ये. २०१९ ते २०२२ या काळात अनुराग आणि माधवी भार्गव व त्यांच्या सहकाऱ्यांनी २,८०० रुग्णांच्या दहा हजारांहून अधिक कुटुंबीयांची पाहणी केली. सर्व रुग्णांना शिधा मिळाला. कुटुंबीयांपैकी एका गटाला दरमहा तांदूळ आणि डाळ मिळाली, दुसऱ्याला नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की शिधा मिळालेल्या कुटुंबांत नव्याने क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झाले. मूठभर डाळतांदळाने लशीसारखे काम केले. आजी माडीवर चोरून दुधाचा पेला नेत असे. ते दूध मुलाला वाचवू शकले नाही, पण तिच्या हाताची दिशा चुकीची नव्हती.

जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा आजही भारतात आहे. रुग्णाला पोषणासाठी दरमहा ५०० रुपये देण्याची योजना २०१८ मध्ये सुरू झाली. नोव्हेंबर २०२४ पासून ती रक्कम १,००० रुपये झाली. कुटुंबीयांनाही देणगीदारांच्या साहाय्याने शिधा देण्याचे शासनाने त्याच वर्षी जाहीर केले. या निर्णयांची भाषा रुक्ष आहे. परिपत्रकांना शैली नसते. साहित्याच्या अभ्यासकाने तरीही ती अधूनमधून वाचावीत, असे मला वाटते. आपण एका माणसाचे दुःख सांगतो आणि त्यातून अनेकांचे दुःख कळेल अशी आशा धरतो. ही मंडळी अनेकांचे दुःख मोजतात, ते कोणा एकाच्या घरी डाळतांदूळ होऊन पोहोचावे म्हणून. झारखंडच्या त्या खेड्यांत महिन्याचा शिधा घ्यायला आलेल्या बायकांना राजयक्ष्म्याची कथा माहीत असण्याचे कारण नव्हते. पिशवीचे वजन त्यांना हाताने कळत होते.