वाचलेलं

मराठीनं ‘वाचणं’ हे एकच क्रियापद दोन कामांना का जुंपलं असेल? पुस्तक वाचलं. पुरातून माणूस वाचला. आमच्या शाळेच्या भिंतीवर निळ्या रंगात ‘वाचाल तर वाचाल’ लिहिलेलं होतं. तेव्हा त्यात मला फक्त धाक ऐकू यायचा. आता समोर इंद्रजाल कॉमिक्सचे सात अंक पडलेत आणि ते वाक्य पाठ सोडत नाही. हे अंक मी वाचले म्हणून जपले गेले, की वाळवीतून वाचले म्हणून आज पुन्हा वाचतोय?

पिनांचा गंज मधल्या पानांवर उतरलाय. टाइम्स ऑफ इंडियानं १९६४ साली सुरू केलेली ही मालिका १९९० मध्ये थांबली. ली फॉकचा फँटम मराठीत ‘वेताळ’ झाला होता. घरी ‘चांदोबा’ही यायचा, त्यामुळे आमच्याकडे दोन वेताळ नांदायचे. एक शंकर यांनी चितारलेला, विक्रमाच्या खांद्यावरून प्रश्न विचारणारा. दुसरा डोळ्यांवर मुखवटा चढवलेला, ठोशासरशी जबड्यावर कवटी उमटवणारा. त्याचं जंगल म्हणजे माझ्या लेखी पांढरकवड्याकडचं टिपेश्वरच.

आईला अक्षरओळख नव्हती. कापूस वेचून आली की हात धुऊन माझ्याशेजारी टेकायची. बोंडांनी ओरखडलेली तिची बोटं चित्रांच्या चौकटींवरून हळू सरकायची. “काय वाचून राह्यला रे?” मी घाईघाईनं सांगायचो, कारण मला मारामारीचं पान गाठायचं असायचं. एकदा ती वेताळाकडे बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, “याच्या घरचं कोणी गेलं असन. त्याशिवाय माणूस असा राह्यते का?”

मी पान उलटलं होतं.

या मुखवट्यातल्या वेताळाच्या घराण्यातल्या पहिल्याच्या बापाला समुद्रावरच्या चाच्यांनी मारलं. मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून पोरानं शपथ घेतली आणि पिढ्यान्‌पिढ्या ती चालत आली. हे सगळं यातल्या एका अंकाच्या सुरुवातीलाच छापलंय. दाट अक्षरांची चौकट म्हणून मी ती दर वेळी ओलांडून पुढे जायचो. पन्नाशीत पहिल्यांदा वाचली.

म्हणजे तेव्हा वाचत कोण होतं? चित्रकारानं खांद्यांत, मानेच्या कलण्यात काही ठेवलं होतं का, जे तिला दिसलं? की तिनं स्वतःचंच काही त्या बुरख्यामागे पाहिलं? तिचे वडील ती लहान असताना गेले, एवढंच मला ठाऊक आहे. कसे, ते मी कधी विचारलं नाही, आणि आता सांगायला कोणी नाही.

सातव्या अंकाचं शेवटचं पान नाही. संक्रांतीला तिनं त्याची तिळाची पुडी बांधली असेल. गोष्ट कशी संपली, ते आठवायचा प्रयत्न करतोय. आठवतात ती तिची बोटंच, त्या चौकटीवर थांबलेली.