जुन्या ट्रॅक्टरची हवा काढताना

मुळा धरणाच्या कालव्यावर आणि मुळा सहकारी साखर कारखान्यावर ज्याची ऊसशेती उभी आहे, त्या नेवासे तालुक्यातील सोनई परिसरात जुना ट्रॅक्टर घरीच दुरुस्त करण्याकडे केवळ काटकसर म्हणून पाहणे अपुरे ठरते. १९६३ मध्ये स्थापन झालेल्या इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडियाचा बी-२७५ घेतला, तर त्याचे चार सिलिंडरचे डिझेल इंजिन संगणकाविना चालते. त्यातील बिघाड डोळ्यांना दिसतो, हाताला लागतो, आणि म्हणूनच माणूस त्याच्याशी धीराने वागू शकतो.

या धीराची खरी परीक्षा ‘हवा काढणे’ या कामात होते. डिझेल गाळणारा फिल्टर बदलला की नळीत हवा शिरते. ती दाबली जाते, डिझेल मात्र जवळजवळ दाबले जात नाही, त्यामुळे हवा अडकली असता इंजेक्टर, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेलचा फवारा सोडणारा भाग, उघडण्याइतका दाब तयार होत नाही. तेव्हा फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारत, फेसाळ डिझेलातील बुडबुडे विरळ होऊन अखंड धार येईपर्यंत थांबावे लागते. त्या प्रतीक्षेतील घालमेल आशा आणि भीती यांच्या मधली असते, कारण मळ्याचे ओझे वर्षानुवर्षे ओढलेले यंत्र पुन्हा धडधडेल की नाही, हे त्या क्षणी कळत नाही.

मूळ लाल रंग पुन्हा द्यावा की झिजलेलाच ठेवावा, हा प्रश्न तरीही उरतो. झीज जपण्याचा पक्ष अधिक प्रामाणिक वाटतो, मात्र गंज चढू लागलेल्या पत्र्यासाठी तो निर्णय फार लांबवता येत नाही.