उभ्या गाडीची खूण

दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. आठ वर्षे गोठ्यात उभी असलेली एक प्रीमियर पद्मिनी दादांच्या गॅरेजात आली. पुस्तकात वाचून मी पॉइंट घासले, फट बेतली, खुणेला खूण जुळवून टायमिंग लावले. गाडी सुरू झाली. पण वेग देताच गुदमरू लागली.

चौथी शिकलेल्या दादांनी डिस्ट्रिब्युटरचे झाकण काढून रोटर बोटांनी जरासा फिरवला आणि सोडला. तो मागे येईना.

"आतली वजनं गंजून चिकटलीत. वेग वाढला की ठिणगी आधी पडाया हवी. तुझी खूण उभ्या गाडीची!"

गंज काढला, चार थेंब तेल सोडले. गाडी पळाली.

कॉलेजच्या फॉर्मवर वडिलांच्या व्यवसायापुढे मी 'नोकरी' असे खोटेच लिहिले होते. यंदा 'मिस्त्री' लिहिले.